चौदा नंबरचं थडगं

ऑल्डमियरच्या मठातून काही पळवलं नाही असं घर गावात शोधून सापडायचं नाही. इंग्लंडच्या हेन्री राजाने मठ मोडला, काळे झगेवाले साधू हाकलले, छपराचं शिसं वितळवून नेलं, आणि उरलेले दगड गावाने पुढची पाचशे वर्षं सावकाश घरी नेले. पबची चूल मठाच्या दगडांची, डुकरांच्या गोठ्याचा उंबरठाही मठाचाच. याची कुणाला लाज वाटत नाही. उलट पाहुण्याला हात धरून नेऊन दाखवतात.

नॉर्मन थर्लबीने मठातून खडाही उचलला नव्हता. त्याने मठाला फक्त एक आकडा दिला होता, आणि त्या आकड्याची लाज तो शेहेचाळीस वर्षं बाळगून होता.

अठ्ठ्याहत्तर सालचा तो उन्हाळा. बावीस वर्षांचा नॉर्मन मिस एनिड पॅलिस्टर यांच्या उत्खननावर पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. खड्ड्यातून निघालेली वस्तू ट्रेमधून त्याच्याकडे यायची. कुठल्या खड्ड्यातली, कुठल्या थरातली, हे चिठ्ठीवर लिहून ती बांधायची, एवढंच त्याचं काम. काम साधं, पण सगळं त्याच्यावर उभं. साधूंच्या बैठकीच्या खोलीत त्या दिवशी दोन थडगी शेजारीशेजारी उघडली होती, चौदा आणि पंधरा. चार वाजता आभाळ कोसळलं, खड्ड्याच्या कडा ढासळायला लागल्या, आणि ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचलून शेडमध्ये आणलं. त्यात तो कथलाचा चषक होता, चेपलेला, चिखलाने भरलेला. धर्मगुरूला पुरताना उशाशी ठेवतात तसला.

नॉर्मनने चिठ्ठी लिहिली, पण न पुसणारं पेन कुणीतरी नेलं होतं म्हणून साध्या पेनाने. सकाळी चिठ्ठीवर निळा डाग होता, बाकी काही नाही, आणि त्या धांदलीत कुठला आकडा लिहिला होता ते त्याला आठवेना. चषक उचलणारा आयरिश मजूर पहाटेच्या बसने गावी गेलेला. अशा वेळी काय करायचं हे त्या धंद्यातलं पोरही सांगेल. ‘जागा माहीत नाही’ असं लिहायचं आणि वस्तू बाजूला ठेवायची. मग ती वस्तू कितीही सुंदर असो, तिच्यावरून काहीही सिद्ध करता येत नाही. सबंध मोसमातली सर्वांत मोठी गोष्ट नॉर्मनच्या हातून अशी मातीमोल झाली असती.

तेवढ्यात मिस पॅलिस्टर गमबूट आपटत आत आल्या. "कुठल्या थडग्यातला रे?"

"चौदा," नॉर्मन म्हणाला, आणि नव्या चिठ्ठीवर तोच आकडा लिहिला.

चौदा खोलीच्या मधोमध होतं, आणि मधोमध मठाधिपतीलाच पुरतात. त्याने अंदाज केला, इतकंच. पण मिस पॅलिस्टरनी त्यावर पुस्तक लिहिलं.

पुस्तकावर एकट्या डॉक्टर ऑब्री स्टँटनने हरकत घेतली. चौदातली हाडं बाईची दिसतात, मठाला जमीन देणारी कुणी धनीण असेल, आणि चषकाचा शेडमध्येच घोळ झाला असावा, असं त्याने छापलं. मिस पॅलिस्टरनी त्याला असं काही सोलून काढलं की ते उत्तर विद्यापीठांत वर्षानुवर्षं लोक हसत हसत पाठ म्हणत. ‘ज्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही त्यांनी दुसऱ्याच्या शेडमध्ये डोकावू नये.’ स्टँटनला पुढे कुणी उत्खनन दिलं नाही. नॉर्मन मात्र मिस पॅलिस्टरांच्या शिफारशीवर संग्रहालयात चिकटला आणि गावाच्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष होऊन बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडली इमोजन नावाच्या तरुण संशोधिकेने, आणि तिला ते कळलंही नाही. तिने चौदातली हाडं प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर आलं, बाईच. चषक घेऊन पुरलेली बाई, तीही पुरुषांच्या मठात. गाव हवेत तरंगायला लागलं. गावच्या पाद्रीबाई गिलियन यांनी तर रविवारी थडग्यावर नवा दगड बसवायचा बेत केला. ‘या मठाची पहिली धर्मगुरू’ अशी अक्षरं खोदूनही झाली होती. दगड बसला की तेच खरं होणार होतं, पाठ्यपुस्तकात जाणार होतं. नॉर्मनला तीन दिवस घास गिळवेना. बोलला तर स्वतःबरोबर मिस पॅलिस्टरनाही बुडवणार होता, आणि गप्प बसला तर शेहेचाळीस वर्षांपूर्वीचा डाग दगडावर कोरला जाणार होता.

गुरुवारी दुपारी चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये चहा होता. मिस पॅलिस्टर एक्क्याण्णव वर्षांच्या, काठी टेकत उभ्या राहिल्या.

"हाडांच्या बाबतीत मी चुकले," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी एकदा तरी चुकावं माणसाने, नाहीतर लोक कंटाळतात. पण चषक चौदातलाच. का, तर चिठ्ठी नॉर्मनच्या हातची आहे. या पोराने आयुष्यात चिठ्ठी चुकवली नाही."

सगळ्यांनी नॉर्मनकडे पाहून टाळ्या वाजवल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला.

"ती चिठ्ठी खोटी आहे," तो म्हणाला. "खरी पुसून गेली होती. चौदा हा आकडा मी मनाने टाकला. चषक कुठला ते मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. सगळे एकदम आपापल्या कपात साखर ढवळायला लागले.

"नॉर्मन, किती वर्षं झाली त्याला," गिलियन मायेने म्हणाल्या. "या वयात आठवणींची गल्लत होते हो. माझ्या आईचंही होतं असंच. आणि समजा असेलच अंदाज, तरी तो बरोबर असू शकतो ना?"

"असू शकतो," इमोजनने लगेच री ओढली. तिचा लेख छपाईला गेला होता. "पन्नास टक्के शक्यता आहेच."

"केक घे तू आधी," मागून कुणी म्हणालं. "उपाशी असेल बिचारा."

सगळे मिळून त्याला हाताला धरून एका पळवाटेने बाहेर काढत होते. नुसतं ‘असेल बुवा’ म्हणून खाली बसायचं होतं. नॉर्मनला खरंच बसावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याची त्याला पहिल्यापेक्षाही जास्त शरम वाटली.

"गल्लत नाही," तो म्हणाला. "मला रोज आठवतं."

मिस पॅलिस्टर अजून उभ्याच होत्या. "पन्नास टक्के म्हणे," त्या इमोजनकडे न बघता म्हणाल्या. "माहीत नाही म्हणजे नाही. एवढं शिकवलं नाही का तुला कुणी?" मग त्या नॉर्मनकडे वळल्या. "मी स्टँटनला ते उत्तर लिहिलं, तेव्हा तुला हे ठाऊक होतं?"

"हो."

"वाचलं होतंस ते?"

"टाइप मीच केलं होतं," नॉर्मन म्हणाला. "चष्म्याच्या वाक्याला मी हसलोही होतो. तुम्ही माझ्याकडे बघत होतात म्हणून."

त्या हळूच खाली बसल्या. इतकी वर्षं त्यांचा चेहरा कुणी असा पाहिला नव्हता. मानेपासून कपाळापर्यंत लाल होत गेला.

"मला वाटलं माझी कोटी जमली," त्या म्हणाल्या.

गिलियन त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेल्या. त्यांनी तो झटकला.

"ऑब्री गेला अकरा वर्षांपूर्वी. त्याची बायको ईलीला असते. दर नाताळला मला कार्ड पाठवते, आणि मी कधी उत्तर दिलं नाही. वाटायचं, नवऱ्याच्या वतीने टोमणा मारतेय." त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि कार्यक्रमपत्रिकेची मागची कोरी बाजू पुढे सरकवली. "बस इथे. लिही. प्रिय मिसेस स्टँटन, तुमच्या यजमानांचं म्हणणं खरं होतं."

नॉर्मनने लिहिलं.

"पुढे?" त्याने विचारलं.

"पुढचं मला येत नाही," मिस पॅलिस्टर म्हणाल्या. "मी नुसता विश्वास ठेवला होता. पुढचं तुला येतं."

हॉलमध्ये बशा गोळा करण्याचा आवाज सुरू झाला. नॉर्मन खाली मान घालून बसला होता, आणि ‘मी’ या शब्दापुढे त्याचं पेन काही केल्या सरकत नव्हतं.