इतर उत्पन्न

“आधी मला एवढं सांग, ही सगळी मंडळी कोण?” बत्तिशीच्या मोठ्या बहिणीच्या यजमानांनी दारातच विचारले. एक पाय चपलेत आणि एक बाहेर, अशा अवस्थेत ते थांबले होते.

“या ना भाऊजी, बसा. सगळी आपलीच आहेत,” बत्तिशी म्हणाला.

आपलीच म्हणजे कोणत्या अर्थाने, हे त्याला विचारले असते तर पंचाईत झाली असती. खोलीत त्या वेळी तीन माणसे होती आणि तिघांचेही तो पैसे देणे लागत होता. खिडकीजवळच्या खुर्चीत पतपेढीचा वसुली अधिकारी मांडीवर फाइल घेऊन बसला होता. पलंगाच्या एका टोकाला प्लॅस्टर, मेण आणि दातांचे संच उधारीवर देणारा दुकानदार होता आणि दुसऱ्या टोकाला शेजारच्या निवृत्त हेडबाई. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी तिघेही एकमेकांची नजर चुकवून समोरच्या भिंतीकडे बघत होती. आता भाऊजी आले म्हणजे यादी पूर्ण झाली, आणि बत्तिशीचा जीव भांड्यात पडला. तो इतक्या लवकर पडायला नको होता, पण हे त्याला पुढच्या पाच मिनिटांत कळायचे होते.

बत्तिशी हे काही त्याचे खरे नाव नव्हे. तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे माप घेऊन त्याच्याकडे पाठवत आणि तो मागच्या खोलीत बसून त्या मापावर एकेक दात मेणात बसवत असे. सव्वीस वर्षे त्याने हेच केले. गल्लीतली निम्मी म्हातारी माणसे त्याच्या कृपेने जेवत होती आणि नाव मात्र त्यालाच चिकटले होते. सहा वर्षांपूर्वी त्याने चिनी मातीचे पक्के दात भाजायची भट्टी घेतली. वर्षभर बरे चालले. मग शहराच्या पलीकडच्या टोकाला एक मोठी लॅब निघाली, तिथे कॉम्प्युटरच दात कोरू लागला, आणि डॉक्टर एकेक करून तिकडे वळले. भट्टी थंड पडली, हप्ते मात्र थंड पडेनात. एकाचे भागवायला दुसऱ्याकडून घेतले, दुसऱ्याचे भागवायला तिसऱ्याकडून, आणि आपण नेमके किती देणे लागतो हे त्याला कितीतरी दिवस कळतच नव्हते. कळून घ्यायची हिंमत नव्हती म्हणा.

मग पतपेढीच्या काउंटरवर त्याला एक घडीपत्रक सापडले. ‘आपले कर्ज, आपले नियोजन’. सगळी देणी लिहून काढा. सगळे उत्पन्न लिहून काढा. खर्च वजा जाता उरेल ते देण्याच्या प्रमाणात वाटा. आणि चौथे कलम : ‘सर्व धनकोंना विश्वासात घ्या.’ पत्रक लिहिणाऱ्याच्या मनात प्रत्येकाला वेगवेगळे गाठावे असेच असणार. बत्तिशीने मात्र ‘सर्व’ हा शब्द मनावर घेतला. चार ठिकाणी चार वेळा तोंड वेंगाडण्यापेक्षा एकदाच काय ते करावे, चहाही एकदाच, असा हिशेब करून त्याने चौघांना रविवारी सकाळी अकराला बोलावले. कशासाठी ते कोणालाच सांगितले नाही. प्रत्येकाला वाटले होते की आज आपले पैसे मिळणार.

त्याने उभे राहून कागद वाटले. स्वतःच्या अक्षरात लिहून झेरॉक्स काढल्या होत्या. पतपेढी एक लाख वीस हजार, भाऊजी साठ हजार, दुकानदार चाळीस हजार, हेडबाई वीस हजार. एकूण दोन लाख चाळीस हजार. दरमहा वाटायला दहा हजार, म्हणजे चोवीस महिन्यांत सगळे चुकते.

“व्याज नका धरू, एवढीच हात जोडून विनंती आहे,” तो म्हणाला. “मुद्दल सगळ्यांचं देणार, एकाचाही पैसा बुडवणार नाही.”

हे वाक्य त्याने आरशासमोर चार दिवस घोकले होते. पण ते कोणी ऐकलेच नाही. सगळे यादी वाचत होते.

“म्हणजे मी एकटा नव्हतो,” भाऊजी हळूच म्हणाले. “तू मला काय म्हणाला होतास, आठवतं? ‘भाऊजी, तुमच्याशिवाय कोणापुढे तोंड उघडणार?’”

“अरे वा,” हेडबाई म्हणाल्या. “मलाही हेच वाक्य. शब्दसुद्धा बदलला नाहीस?”

“माझ्या दुकानात तर रडला होता,” दुकानदार म्हणाला. “गिऱ्हाइकं उभी होती चार. मीच पाणी दिलं प्यायला.”

बत्तिशी गांगरला. त्याची तयारी पैशांवरून बोलणी खायची होती. महिने किती, हप्ता किती, व्याजाचे काय, या सगळ्याची उत्तरे त्याच्यापाशी होती. हे भलतेच निघाले. आणि खरी गोष्ट अशी, की ते वाक्य तो ज्याला ज्याला म्हणाला होता, त्या त्या वेळी ते त्याला खरेच वाटले होते. आता हे कोणाला समजावून सांगणार?

“मी तिसरा का?” दुकानदाराने विचारले. “उधारी माझी सगळ्यात जुनी आहे.”

“रकमेप्रमाणे लावलंय हो. तसा काही मान-अपमान नाही त्यात.”

वसुली अधिकाऱ्याने घसा साफ केला. तो तसा सभ्य माणूस होता. “हे बघा, आमच्याकडे भट्टी आणि पॉलिशची मशीन तारण आहे. महिनाअखेरपर्यंत काही झालं नाही तर आम्हाला दोन्ही उचलावी लागतील. आता ही योजना मी साहेबांपुढे ठेवीन, नाही असं नाही. पण उद्या यांच्यापैकी कोणी तगादा लावला की आमचा हप्ता बुडालाच. म्हणून या कागदावर ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांची सही पाहिजे. एकाची जरी राहिली, तर मला इलाज नाही.”

भट्टी गेली तर गेली, पण पॉलिशची मशीन गेल्यावर बत्तिशी उरल्यासुरल्या कवळ्याही करू शकणार नव्हता. त्याला दुसरे काहीच येत नव्हते. चोपन्न वर्षांच्या माणसाला दुसरे काही शिकवायला कोण बसले आहे?

हेडबाई एवढा वेळ कागद डोळ्यांजवळ धरून तपासत होत्या. पर्समधून त्यांनी पेनही काढले होते. “हे काय रे? ‘माझे उत्पन्न चौदा हजार’ आणि खाली ‘इतर उत्पन्न बावीस हजार’? मुख्यापेक्षा इतर मोठं?”

“ते होय... ते हिचा पगार.”

ही म्हणजे त्याची बायको. ती हॉस्पिटलच्या कपडेखात्यात होती. रोज हजारभर चादरी, उशांचे अभ्रे आणि गाऊन मोजून घेणे, मोजून देणे हे तिचे काम. गेली पाच वर्षे घर तिच्याच पगारावर चालले होते. नेमकी याच वेळी ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

“काय माझा पगार?” तिने विचारले.

बत्तिशीने तिला कागद दाखवला नव्हता. लपवला होता असे नाही. तिच्या डोक्याला कशाला ताप, सगळे जुळले की सांगू, असा त्याचा प्रेमळ विचार होता. तिने ट्रे स्टुलावर ठेवला, हेडबाईंच्या हातातला कागद घेतला आणि उभ्यानेच वाचला. वाचायला तिला बराच वेळ लागला. मग ती आत गेली, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून घेऊन आली आणि नवऱ्याच्या बाजूला न ठेवता ती पलंगाला लागून, हेडबाईंच्या शेजारी ठेवून बसली.

“माझे साठ हजार कुठे आहेत यात?”

“कुठले साठ?” बत्तिशीने विचारले. तो नाटक करत नव्हता, त्याला खरेच कळले नव्हते. आणि दुसऱ्याच क्षणी आठवले. भट्टीचे पैसे भरायच्या आदल्या दिवशी साठ हजार कमी पडत होते. ती दुपारची सुट्टी टाकून बँकेत गेली होती आणि कापडी पिशवीतून पैसे घेऊन आली होती. सहा महिन्यांत परत करतो, असे तो स्वतःच म्हणाला होता. तिने पुन्हा विषय काढला नाही आणि त्याच्या डोक्यातून तो साफ पुसला गेला.

“अगं, ते तर घरातलेच ना!”

“घरात आले. होते माझे.”

“कशासाठी ठेवले होतेस गं?” हेडबाईंनी विचारले.

“कशासाठी म्हणजे?” ती म्हणाली. “लग्नाआधी चार वर्षं नोकरी केली, त्यातले होते. माझे होते, म्हणून ठेवले होते.”

भाऊजींना राहवले नाही. “वहिनी, अहो नवरा-बायकोत कसलं आलंय देणं-घेणं?”

“तसं तुम्ही बहिणीचे यजमान, भाऊजी. तुमचं नाव दुसऱ्या नंबरला आहे.”

भाऊजींनी चहाचा कप उचलला.

“एक मिनिट,” दुकानदार पुढे सरकला. “यादीत साठ वाढले की आमचा प्रत्येकाचा हप्ता कमी होणार. आम्ही काय घरगुती भांडणं मिटवायला आलोय का?”

“माझे पाच हजार चारवर येतील,” अधिकारी मनातल्या मनात भागाकार करून म्हणाला. “साहेब विचारतील मला.”

“मग राहू दे,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. कपडेखात्यात चादरी कमी भरल्यावर बोलते तशीच ती बोलत होती. “माझं नाव नको असेल तर माझे बावीस हजारही खोडा. मग किती उरतात बघा.”

बत्तिशीने पेन्सिल उचलली. घरखर्च सव्वीस हजार, त्याचे चौदा. खाली वजा बारा हजार आले. त्याने पुन्हा करून पाहिले, तर पुन्हा तेच आले.

“पगार मी घरात देत आले, देईनही,” ती म्हणाली. “पण मला न विचारता तो लिहायचा नाही. आणि लिहायचा असेल, तर मला काय द्यायचंय तेही लिहायचं.”

बत्तिशीला लाज वाटली. चार लोकांत पाणउतारा केला म्हणून रागही आला. ती बोलते त्यात एक अक्षर खोटे नाही हेही कळत होते, आणि या तिन्हींपैकी आधी कशाचे काय करावे, ते मात्र कळत नव्हते. त्याने मदतीसाठी हेडबाईंकडे बघितले. त्या कागदाच्या मागे आकडेमोड करत होत्या.

“तीन लाख. दहा हजारांनी तीस महिने,” त्या म्हणाल्या. “माझे येतात सहाशे सदुसष्ट. तीस महिने मी जगणार असं गृहीत धरते. आण तो कागद.” त्यांनी ठसठशीत सही केली.

अधिकाऱ्याने आकडे दोनदा तपासले, कपाळ चोळले आणि ‘शिफारस केली आहे’ असे लिहून सही केली. दुकानदार म्हणाला, यापुढे माल रोखीनेच मिळेल, आणि पेन आपटत का होईना, पण त्यानेही केली. भाऊजी उठून सही करायला आले ते चष्मा पुसत. “पैशाचं नाही रे,” ते बत्तिशीला म्हणाले, आणि मग कशाचे आहे ते न सांगता त्यांनी सही केली आणि चपला घातल्या.

मंडळी पांगल्यावर बत्तिशीने मूळ कागदावर पाचवी ओळ आखली. रक्कम लिहिली. नावाच्या रकान्याशी येऊन पेन थांबले. ‘बायको’ लिहिणे काही बरे दिसेना.

“नाव काय लिहू?”

“पासबुकावर आहे ते.”

“काय आहे?”

तिने सांगितले. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, शाळेत हजेरी घेताना पुकारतात तसे सगळे ओळीने. खाते लग्नाआधीचे होते, बदलायचे राहूनच गेले होते. बत्तिशीने ते नाव लग्नपत्रिकेवर वाचले होते, त्यानंतर बहुधा आजच ऐकले. त्याने जपून अक्षर काढले. तिने शेजारी सही केली आणि कप विसळायला घेतले.

पतपेढीच्या साहेबांनी योजना मान्य केली. भट्टी आणि मशीन जागेवर राहिली. एक तारखेला बत्तिशीने पाच पाकिटे तयार केली. पतपेढीत छापील पावती मिळाली. दुकानदाराने पाकीट न बघताच गल्ल्यात टाकले. हेडबाई म्हणाल्या, ठेव तिकडे टेबलावर. भाऊजींनी तर ते हातातसुद्धा घेतले नाही, बहिणीने घेतले आणि ती उगाचच डोळे पुसत राहिली. उरले एक.

ती संध्याकाळी कामावरून आली, हातपाय धुऊन खुर्चीत बसली, तेव्हा त्याने ते पुढे केले. ती ‘ठेवा हो घरातच’ म्हणेल, याची त्याला खात्री होती. त्यावर ‘नाही, ते तुझेच आहेत’ असे म्हणायचे त्याने ठरवूनही ठेवले होते.

तिने पाकीट उघडले आणि नोटा मोजल्या. एकदा मोजून झाल्यावर पुन्हा मोजल्या.

“ही शंभराची फाटकी आहे. बदलून द्या.”

त्याने खिशातली दुसरी दिली. तिने वहीचा कागद काढून त्यावर लिहिले : तारीख, मिळाले दोन हजार, बाकी अठ्ठावन्न हजार. खाली सही केली, तीच, माहेरच्या आडनावाची. कागद त्याच्या हातात दिला आणि पैसे स्वतःच्या पर्समध्ये ठेवून चेन ओढली.

“धन्यवाद,” बत्तिशी म्हणाला. हे आपण का म्हणालो ते त्याला कळले नाही.

तिने वर बघितले. “अहो, बसा ना. उभे का?”

आपण उभे आहोत, आणि तेही दोन्ही हात पुढे बांधून, हे त्याच्या लक्षातच आले नव्हते. त्याने इकडेतिकडे बघितले. आपल्याच घरात नेमके कुठे बसावे ते त्याला सुचेना. ती पावती हातात धरून तो आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिला.