वर थांबलेला हात

मी बोलतोय, पण आवाज कुठून येतोय ते शोधत बसू नका, मला तोंड नाही. मला एक खांदा आहे, एक मनगट आहे आणि त्याच्यापुढे गोल्फची एक काठी. डोकं, पोट, पाय यांतलं काही माझ्या वाट्याला आलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यावाचून कधी अडलंही नाही. घरामागच्या वर्कशॉपमध्ये, लेथशेजारच्या भिंतीवर मला बोल्टांनी घट्ट बसवलंय. सकाळपासून मी हात वर करून थांबलोय. का, ते सांगतो.

मला घडवलं ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका सरांनी, आपल्या लेकीसाठी. लेकीला घरात सगळे 'थांबू' म्हणायचे, कारण ती कुठलीही गोष्ट करण्याआधी थांबायची. दारापाशी आली की थांबायची, मग वाजवायची. पहिला घास हातात धरून थांबायची. विनोद ऐकला की थांबायची आणि मग हसायची, तोवर बाकीच्यांचं हसून झालेलं असायचं.

"हिचं हसू पोस्टाने येतं," असं तिची आत्या म्हणायची. आत्या म्हणजे सरांची धाकटी बहीण. थांबूची आई गेल्यापासून घराचा कारभार तिच्याच हाती. बाई बोलायला फटकळ, पण थांबूवर जीव ओवाळून टाकणारी.

थांबू गोल्फ खेळायची आणि तिला संघात जायचं होतं. चेंडू सरळ जायचा, पण लांब जायचा नाही, आणि निवड दर वेळी हुकायची. शेवटी सर म्हणाले, "अंदाज पुरे झाले. यंत्र करून बघू." थांबूच्या खांद्यापासून मुठीपर्यंतचं माप घेऊन त्यांनी एक दांडा कापला. त्याच्या टोकाला मनगट म्हणून बिजागरी लावली आणि बिजागरीला थांबूचीच जुनी काठी जोडली. हँडल फिरवलं की मी वर जातो, माझ्याबरोबर दोरीला बांधलेलं वजनही वर चढतं. मी टोकाला पोचलो की हँडल सुटतं आणि वजन मला खाली ओढतं.

"बघ हं," सर तिला म्हणाले, "मनगटाला मी काही जोर दिलेला नाही. जोर सगळा खांद्याचा. काठी मागे रेंगाळते आणि शेवटी आपली आपण उलगडते. जितकी उशिरा उलगडेल तितका फटका जोरात."

तिचा दोष शोधायचा म्हणून आधी मला हुबेहूब तिच्यासारखं केलं. काठी वर नेली की थांबू तिथे क्षणभर थांबायची, म्हणून टोकाला एक खटका बसवला, तो मला तेवढा वेळ अडवून धरायचा. तिचं मनगट लवकर उलगडायचं, म्हणून काठी कधी उलगडायची ते ठरवणारी बिजागरीची खुंटी तशी लावली. मी मारलेला चेंडू तिच्या चेंडूइतकाच मरगळलेला निघाला, आणि सर खूश झाले. मग त्यांनी एका बैठकीत खुंटी सरकवली आणि खटकाही काढून टाकला. पुढच्या फटक्याला चेंडू अडवायला समोर बांधलेली जाळी थरथरली.

कॉलेजात हेच सर घसा कोरडा करून सांगतात, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळायचं नाही. पण निवड तोंडावर आली होती आणि लेक स्वतःची होती. तिथे भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते.

मग सराव सुरू झाला. थांबू माझ्यासमोर उभी राहायची, सर हँडल फिरवायचे. "याच्याबरोबर वर जा, याच्याबरोबर खाली ये. वर थांबू नकोस."

सुरुवातीला मी खाली यायचो तेव्हा ती वरच असायची. त्या क्षणी तिचा चेहरा मी पाहत असे, म्हणजे माझ्यासारख्याला जे काही पाहणं जमतं तसं. डोळे अर्धे मिटलेले, श्वास आत घेतलेला, कुणी तरी मागून हाक मारेल म्हणून थांबल्यासारखी ती असायची. हळूहळू तिचं ते थांबणं आखूड होत गेलं. एक दिवस आम्ही दोघं अगदी बरोबर खाली आलो. दोन चेंडू जाळीला लागले आणि आवाज एकच झाला.

सरांनी टाळी वाजवली. थांबू हसली, लगेच. दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली आत्या मात्र हसली नाही.

दुसऱ्या दिवशी हँडल फिरलं, मी टोकाला पोचलो, हँडल सुटलं. आणि मी तिथेच राहिलो. जेमतेम श्वासभर, मग खाली आलो. खटका तेव्हा टेबलाच्या खणात पडलेला होता. सरांनी बेअरिंग उघडून पाहिलं, तेल घातलं, दोरी बदलली. मी पुन्हा थांबलो. असं का होतं ते मलाही ठाऊक नव्हतं, फक्त वर असताना डोळे अर्धे मिटावेत असं वाटायचं, आणि मला तर डोळेच नाहीत.

थांबूची निवड झाली. तिचे चेंडू एकामागून एक एकाच जागी पडू लागले. आता ती दार न वाजवता सरळ आत यायची. लोक हसले की हसायची, त्यांचं थांबलं की तिचंही थांबायचं. आमटीचा डाव उचलताना तिचा हात कोपरात वाकत नसे, खांद्यातून फिरत असे.

एके दिवशी आत्या वर्कशॉपमध्ये आली. "दादा, पोरीकडे बघतोस का हल्ली?"

"झकास खेळतेय."

"खेळाचं विचारलं का मी? काल तिच्या हातात तिच्या आईचा फोटो दिला, पुसायला. एरवी फोटो हातात घेऊन किती वेळ नुसती बघत बसायची. काल फडकं फिरवलं, जागेवर ठेवला, गेली. मला भीती वाटते रे तिची. तिला थांबू म्हणायला जीभच वळत नाही."

सर उठले. त्यांनी मला पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. मी दर वेळी वर थांबलो, दर वेळी खाली आलो, आणि चेंडू दर वेळी जाळीला तितक्याच जोरात लागला. सर स्टुलावर बसले.

"थांबण्याने काही बिघडतच नव्हतं," ते म्हणाले. "दोष सगळा मनगटाचा होता. मी दोन्ही एकदम बदललं."

"मग तिचं तिला परत दे."

त्यांनी थांबूला हाक मारली. ती आली, माझ्यासमोर उभी राहिली. "वर गेलीस की थांब बाळ. तुला हवं तेवढं..."

"कशाला, बाबा?" त्यांचं बोलणं संपण्याआधीच ती म्हणाली. पण शहाणी मुलगी, सांगितलं तसं करायला गेली. आम्ही वर गेलो. मी थांबलो. ती खाली आली. पुन्हा वर गेलो, पुन्हा तेच. मला वाटायचं, आणखी थोडं थांबलो तर तिच्या लक्षात येईल, म्हणून दर खेपेला मी थोडा जास्त थांबू लागलो. असे किती तरी दिवस गेले. काल तिने काठी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हा कुणाची वाट बघतोय?" तिने विचारलं, आणि उत्तर न ऐकताच निघून गेली.

आज सकाळी मी वर गेलो तो खाली आलोच नाही. हँडल सुटलंय. वजन दोरीला ताणून लटकतंय. मला धरून ठेवणारं इथे काहीही नाही. सरांनी बोटाने ढकललं, मग अंगाचा सगळा भार टाकून पाहिला. आता ते पाना घेऊन आलेत, बिजागरी सोडवायला, आणि आत्या त्यांचा हात धरून उभी आहे.

सर, तुम्हाला ऐकू येत नाही, तरी सांगतो. पाना ठेवा. मी अडकलेलो नाही. तुमच्या लेकीचं जे माझ्याकडे आलंय ते मला खाली पाडायचं नाही, ते हातोहात द्यायचंय. मला खुशाल मोडा, भंगारात घाला, पण आधी तिला एकदा माझ्यासमोर उभी करा. तिची आठवण मला येते, इतकंच माझं म्हणणं आहे.

अंगणात पावलं वाजताहेत. तिचीच आहेत, मी ओळखतो. एकसारखी पडत दाराशी आली.

पावलं थांबली. दार अजून वाजलेलं नाही.