हात कुठे ठेवू?

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. गादीवर नेत्रबाबा. एकेकाला पुढ्यात बसवायचे, डोळ्यांत डोळे घालायचे आणि कुजबुजायचे, "शक्ती शिरतेय... बोटांत मुंग्या... छातीत ठोका..." समोरचा शहारला, की गर्दी उसासायची.

माझी ताईही शहारून आली. "अगं, काळीज असं धडधडलं! बाबा माझ्या आत जाऊन बसलेत. आता रक्तदाबाच्या गोळ्या बंद!"

पाचव्या दिवशी ती चक्कर येऊन ओट्याला धरून उभी होती. म्हणे, "रोग बाहेर पडतोय."

डॉक्टरांकडे चल म्हटलं, तर ऐकेना.

माझा फोटो स्टुडिओ आहे. तीस वर्षं बघतेय, "कॅमेऱ्याकडे बघा" म्हटलं की चांगला बोलका माणूस अवघडतो. पापणी जड, श्वास मोठा, जीभ तोंडात मावेना. आणि हमखास विचारतो, "हात कुठे ठेवू?" पासपोर्टच्या फोटोत हात येतात थोडेच!

"ताई, माझ्याकडेही एक महाराज आलेत," मी म्हटलं. ती लगेच दोन शेजारणींना घेऊन हजर.

मी मखमली पडदा सारला. मागे भिंतभर मोठा केलेला चेहरा, नजर थेट समोर. "डोळ्यांत बघा. बोटांत मुंग्या... छातीत ठोका..."

"आला गं बाई ठोका!" ताई.

"माझे तळवे तापले!" शेजारीण.

मी दुसरा पडदा सारला. तोच चेहरा, पण खिडकीकडे बघणारा. "आता?"

"आता काहीच नाही." ताई गोंधळली. "महाराज रुसले का?"

"महाराज फ्रिज दुरुस्त करतात. शनिवारी फोटो न्यायला येतील."

शेजारणी पोट धरधरून हसल्या. ताई हसली नाही. "पण ठोका खरा होता गं."

"खराच. तुझाच होता! कुणी रोखून बघितलं, की आपलं लक्ष आपल्याच अंगावर येतं. एरवी न जाणवणारं जाणवतं. त्यात कुठं काय शोधायचं, ते बाबा कानात सांगतो. नजरेला नजर भिडली म्हणून रोग जात नाही, ताई. बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं. गोळी सोडायची की नाही, ते रक्तदाब मोजून ठरवायचं."

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "गोळ्या कधीपासून बंद?"

ताई अवघडली. पदर सावरला, घसा खाकरला, चुळबुळली. मग हळूच म्हणाली, "हात कुठे ठेवू?"

"इथं टेबलावर. सैल सोडा," बाई म्हणाल्या, आणि दंडावर पट्टा गुंडाळू लागल्या.