शेवटचे शंभर

"हलू नकोस ताई. आता शेवटचे शंभर ठोके."

मशीनवर अजून साडेआठशे शिल्लक दिसत होते. मुतखडा फोडणाऱ्या या मशीनवर त्याची बावीस वर्षं गेली होती आणि ही थाप तो रोज बिनदिक्कत मारायचा. शंभर म्हटलं की माणूस दातओठ खाऊन पडून राहतो, खरा आकडा सांगितला तर टेबलावरून उठून पळेल. वॉर्डात त्याला सगळे 'शंभरमामा' म्हणत आणि तोही कॉलर ताठ करून मिरवायचा.

आज मात्र टेबलावर त्याची थोरली बहीण होती, आईमागे त्याला लहानाचं मोठं करणारी. तिचं एकच मूत्रपिंड धड होतं आणि खडा नेमका तिथेच ठाण मांडून बसला होता. हृदय अधू, त्यामुळे ऑपरेशनला डॉक्टर धजत नव्हते. खडा आज फुटायलाच हवा होता.

ठक. ठक. तिच्या पाठीखालची पाण्याची उशी दर ठोक्याला थरथरत होती.

"शंभर कधीच झाले," ताई डोळे मिटूनच म्हणाली.

"झालेच गं. थोडे राहिलेत."

"मला शेंड्या लावतोस? तुला कडू औषध पाजताना 'शेवटचा चमचा' कोण म्हणायचं? बाटली संपेपर्यंत शेवटचाच असायचा!"

तो ओशाळला. इतकी वर्षं स्वतःचं म्हणून मिरवलेलं कसब मुळात तिचं होतं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. 

"खरं सांगू? अजून सातशे आहेत."

"बरं. मग मोज. मोठ्यानं मोज."

तो मोजू लागला. तीनशेच्या पुढे त्याचा आवाज बसला, तेव्हा तिने पुटपुटत आकडे पुढे नेले. कळ आली की ती थांबायची आणि तेवढे आकडे तो भरून काढायचा. मशीनच्या पडद्यावरचा खड्याचा पांढरा ठिपका हळूहळू विसकटत गेला. सहाशे चाळीसला डॉक्टर आत आले, पडद्याकडे निरखून पाहत राहिले.

"बंद करा. पार भुगा झालाय. भरपूर पाणी प्या आजी, लघवीवाटे निघून जाईल."

डॉक्टर गेले. खोलीत एकदम शांत झालं. तो कापसाने तिच्या पाठीवरची जेली पुसू लागला.

"झालं ना रे सगळं?"

"झालं, ताई."

"मग आता रडले तर चालेल?"

तिने भिंतीकडे तोंड केलं. पाठ केव्हाच कोरडी झाली होती, तरी तो पुसत राहिला.