बंदुकीचं फडकं

"ताई, भाऊजी हिला कुठलं तेल लावायचे हो?"

धाकट्या जावेनं दारातूनच विचारलं. मागे तिचा मुलगा, आणि त्याच्या खांद्यावर माझ्या नवऱ्याची बंदूक. अशी मिरवत आणली, जणू नवी सूनच.

"तू केसांना चोपडतेस तेच."

"थट्टा नको ना, ताई!"

"मग परवाना ज्याला मिळाला त्यालाच विचार."

यांनी ही बंदूक घेऊन बँकेच्या दारात जन्म काढला. ते गेले आणि ती चौकीत जमा झाली. माझ्या लेकानं परवाना मागितला. बँकेतली जागाही त्याची वाट पाहत होती. चौकीतले साहेब म्हणाले, "मारामारीत शिक्षा झालीय. परवाना नाही, बंदुकीला हातही लावायचा नाही."

समोरच्याचा हात अधू झाला, मी नाही म्हणत नाही. पण त्या मारामारीत जावेचा मुलगाही होता. तो पळाला, माझा उभा राहिला.

बंदूक पुतण्याला द्यायला आमची संमती लागली, तेव्हा मी तोंड फिरवलं. लेकच म्हणाला, "दे आई. तिथं गंजून जाईल."

दिली. आता पुतण्या बँकेच्या दारात सलाम घेतो, माझा मागच्या गल्लीत गाड्या धुतो. जाऊसुद्धा हल्ली कवायतीला निघाल्यासारखी चालते.

आवाज ऐकून लेक ओल्या हातांनी बाहेर आला.

"दादा, नळीत डाग पडलाय. बँकेतले साहेब ओरडले. धर जरा."

पुतण्यानं बंदूक पुढे केली. लेकाचे हात अर्धे वर आले. मग त्यानं ते पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले.

"मला नको देऊ. आधी काडतूस नाही ना, बघ. आता मधून मोडून उघड. उजेडाकडे धर."

मी आत गेले. ट्रंकेतली तेलाची बाटली, नळी साफ करायची सळी आणि यांच्या जुन्या बनियनचं फडकं काढलं आणि सगळं जावेपुढे आदळलं.

"सळीला गुंडाळ," लेक लांबूनच सांगत होता. "ओढू नकोस रे, फिरव. हळू. बाबा हळू फिरवायचे."

नळी चकाकली. जाऊ म्हणाली, "ताई, अगदी भाऊजींच्या हातची वाटते हो!"

मी बाटलीचं बूच घट्ट लावलं. बोलले असते तर तिला महिनाभर पुरलं असतं.

ती दोघं गेली. फडकं पायरीवरच राहिलं. फडक्याला परवाना लागत नाही. लेकानं ते उचललं, नाकाशी धरलं, नीट घडी केली आणि भिंतीवरच्या बंदुकीच्या रिकाम्या खुंटीवर अडकवलं.

मग बादली घेऊन गाड्या धुवायला गेला.