माझ्या उबेत वाढतं ते

मित्रांनो, मी एक जुना इन्क्युबेटर आहे, म्हणजे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतलं ऊब देणारं कपाट. माझं दार नीट लागत नाही म्हणून ताईंनी त्याला चिकटपट्टी लावली आहे. पोटातली ऊब मात्र अजून पक्की आहे.

ताई इथल्या तंत्रज्ञ. लघवीला जळजळ होते, थंडी वाजून ताप येतो, अशा माणसांच्या लघवीतले जंतू त्या एका बशीत पसरतात. वर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवून बशी माझ्या पोटात सरकवतात. जे औषध जंतूंना मारतं, त्याच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उरतं.

पूर्वी बशीभर वर्तुळं दिसायची. डॉक्टर म्हणायचे, "वा, हवं ते औषध द्या." मलाही केवढा अभिमान वाटायचा! मग वर्तुळं आक्रसत गेली. हल्ली माझं दार कोणी उघडू लागलं की मला धडकी भरते.

मागच्या आठवड्यात ताईंनी एक बशी माझ्या पोटात ठेवली. तिच्यातले जंतू त्यांच्या आईच्या लघवीतले होते. आई वरच्या मजल्यावर तापाने फणफणल्या होत्या. नेहमीच्या औषधाने उतार नव्हता. ताईंचा भाऊ प्रयोगशाळेच्या दारात उभा होता.

"आधी कुठल्या गोळ्या घेत होती ती?" ताईंनी विचारलं.

"शेजारच्या काकूंच्या उरलेल्या. जळजळ थांबली की बंद. मग आपल्या उरलेल्या काकूंना द्यायची. दोघींचं वर्षानुवर्षं असंच चाललंय."

"आणि मला कोणी बोललं नाही?"

"तू रागावशील म्हणून."

ताईंनी माझं दार लावलं आणि चिकटपट्टी घट्ट दाबली.

काय सांगू मित्रांनो! आईंच्या जिवावर उठलेले जंतू माझ्या पोटात वाढत होते आणि मीच त्यांना ऊब देत होतो. वीज जावी, गारठून पडावं, असंही वाटलं. पण मग कोणतं औषध चालेल, हे कळलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी बशी उजेडात धरली. एकेका चकतीला जंतू अगदी खेटून वाढले होते. फक्त एकीभोवती वर्तुळ होतं. ताई जिन्याकडे धावल्या.

त्या एका औषधाने आई वाचल्या. पण आता काकूंना ताप आला आहे. त्यांची बशी आज माझ्या पोटात आहे.

मित्रांनो, उरलेल्या गोळ्या कुणाला देऊ नका, कुणाच्या घेऊ नका. डॉक्टरांनी दिलेलं औषध मध्येच सोडू नका. अर्धवट औषधातून वाचलेले जंतू पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. आईंना वाचवणारी चकती याही बशीत आहे, आणि जंतू तिच्या अगदी जवळ येऊन पोहोचले आहेत.