सृष्टिकर्ता नाकारल्याबाबत

खांदेश्वरला आमच्या सोसायटीत गटार तुंबलं, तर लोक प्लंबरच्या आधी कासिमभाईंचं दार वाजवतात. प्लंबर येतो, बघतो, उद्या येतो सांगून जातो. कासिमभाईंनी लिहिलेला अर्ज मात्र कचेरीत शिरला की खुर्चीतला माणूस उठवून घेऊनच येतो. बेलापूरच्या एका कचेरीत आम्ही दोघं तीस वर्षं एकाच खोलीत बसलो. ते मसुदे करायचे, मी आवक-जावक सांभाळायचो. निवृत्त झालो तेव्हा रजिस्टर तिथंच राहिलं, पण सवय माझ्याबरोबर घरी आली. कोणाच्या कानात काय गेलं आणि तोंडातून काय बाहेर आलं, याची नोंद मी अजून मनात ठेवतो. दोन्ही रकाने सहसा जुळत नाहीत.

मसुद्याच्या बाबतीत कासिमभाई कडक. अर्ज कोणाकडे द्यायचा, कोणाविरुद्ध द्यायचा, हे ते विचारतच नाहीत. तिथे टिंबं सोडतात, ज्याची तक्रार त्यानं ती भरून घ्यायची. ‘नाव कळलं की पेन तिरकं चालतं,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि ‘सदरहू बाबीची आम्ही समक्ष खात्री करून घेतली आहे’ हे वाक्य लिहायचं असेल, तर आधी खरोखर जाऊन बघायचं. या एका वाक्यासाठी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ते गच्चीवरच्या टाकीत डोकावले होते, आणि मी खाली शिडी धरून उभा होतो. मेलेलं कबुतर निघालं. अर्ज गेला तो कबुतरासकट.

ऑगस्टच्या सुरुवातीला वाशीहून कुंदन नावाचा गृहस्थ त्यांच्याकडे आला. मार्केटमध्ये मसाल्याचा गाळा, मुलगी हेतल दहावीत. कोणाच्या तरी ओळखीनं पत्ता काढला होता. मी तिथं चहाला होतोच. कुंदनची हकिगत अशी, की शाळेत जीवशास्त्राला नव्या टीचर आल्यात. त्या वर्गात म्हणाल्या, फार पूर्वी मासा पाण्यातून जमिनीवर आला, त्याला पाय फुटले, त्यातून जनावरं आणि जनावरांतून आपण. मुलीनं विचारलं, मग देवानं काय केलं? तर टीचर म्हणाल्या, देवबिव कोणी नाही.

कासिमभाईंच्या हातातली बशी हवेतच राहिली. मोठ्या भावाच्या निधनाचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या शेजारी होतो. तेव्हाही चेहरा असा झाला नव्हता.

“म्हणजे आमची नानी बोंबील होती?” शेवटी ते म्हणाले.

कुंदन शाकाहारी, त्याला तर आणखीच लागलं. एकाचा अल्ला, दुसऱ्याचा ब्रह्मदेव. एकाच्या हिशेबानं माणूस मातीतून घडला, दुसऱ्याच्या हिशेबानं आणखी कशातून. पण माशातून नाही, यावर दोघांचं एका कपात एकमत झालं. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या रंगावर सहा महिने झालं नव्हतं.

मसुदा त्याच दुपारी झाला. विषय: वर्गात सृष्टिकर्त्याचे अस्तित्व नाकारून विद्यार्थ्यांच्या श्रद्धेस धक्का पोहोचविल्याबाबत. खाली खात्रीचं वाक्य दिसलं तेव्हा मी विचारलं, वर्ग बघून आलात का. ते चिडले. मासा माणूस होतो की नाही हे बघायला वाशीला कशाला जायला पाहिजे, म्हणाले. मलाही ते पटलं. मी तर ‘त्रास’ खोडून ‘मनस्ताप’ सुचवला, आणि शब्द बसल्याचा मला आनंदही झाला.

त्यांची सून सना त्या वेळी शाळेत होती. मुलगा शाहिद जहाजावर, सहा-सहा महिने घराबाहेर. सना वाशीलाच शिकवायची, आठवीला गणित आणि विज्ञान. दोन वर्षं नोकरी कच्ची होती, महिनाअखेरीस कायमची होणार होती. लग्नानंतर तिनं नोकरीचा हट्ट धरला तेव्हा शाहिदनं मुदत घातली होती: दोन वर्षांत कायम झालीस तर कर, नाहीतर सोड, मग तो विषय पुन्हा काढायचा नाही. कासिमभाईंच्या बेगम अख्तरुन्निसा, आमच्या अख्तरभाभी, जिन्यात भेटल्या की हेच सांगायच्या. सुनेपेक्षा सासूलाच दिवस जास्त पाठ होते.

आठवड्यानं कुंदनचा फोन आला. तेवीस पालकांच्या सह्या झाल्या होत्या. (त्यातल्या किती जणांनी अर्ज वाचला, हे मी नंतर विचारलं. चार.) मुख्याध्यापिकांनी बोलावलंय, पण मांडायला तुम्हीच पाहिजे, चाचा, असं त्याचं म्हणणं पडलं. कासिमभाई एरवी अर्जाच्या मागं जात नाहीत. या वेळी इस्त्रीचा कुर्ता घालून निघाले, मला बरोबर घेतलं.

कुंदननं फोनवर फक्त रस्ता सांगितला होता; शाळेच्या फाटकाशी पाटी वाचून ते थबकले. ही तर सनाची शाळा, म्हणाले. मग स्वतःच समजूत घातली: ती आठवीला, हा दहावीचा मामला, तिला कशाला त्रास, जाता जाता भेटू. मी मान डोलावली. माझ्यासारख्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्याही डोक्यात दिवा लागला नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत कुंदन आणि आणखी तीन पालक बसले होते. बाईंनी अर्ज कासिमभाईंच्याच हातात दिला आणि वाचायला सांगितलं. त्यांचा आवाज छान लागतो. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आले, ‘सदरहू शिक्षिकेने’ म्हणाले, आणि दार उघडून सना आत आली. हातात दहावीचं पुस्तक.

“या दहावी ब च्या जीवशास्त्राच्या शिक्षिका,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

कासिमभाईंनी आधी सनाकडे पाहिलं, मग तिच्या मागं, आणखी कोणी येतंय का म्हणून. कोणी येत नव्हतं. हातातला कागद त्यांनी खाली घेतला.

“वाचा ना,” सना म्हणाली. त्या खोलीत तिनं त्यांना अब्बा म्हटलं नाही. “मी चार दिवसांपूर्वीच वाचलाय. पहिल्या ओळीतच कळलं कोणी लिहिलाय.”

चार दिवस. म्हणजे शुक्रवारपासून ही मुलगी घरी त्यांना चहा देत होती, रात्री औषधाची गोळी काढून देत होती, आणि मनात धरून बसली होती की सासऱ्यानं आपल्याविरुद्ध तेवीस सह्या गोळा केल्यात. बोलली एक अक्षर नाही.

“सना, तू तर आठवीला,” कासिमभाई कसेबसे म्हणाले.

“पंधरा दिवस झाले दहावी मिळून. पाटील टीचर सोडून गेल्या. जेवताना सांगितलं होतं मी. तुम्ही माशाल्ला म्हणालात.” मग ती थांबली, त्यांचा चेहरा नीट बघितला, आणि तिचाच चेहरा उतरला. “तुम्हाला माहीत नव्हतं?”

कुंदन एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. या दोघांचं काय नातं, हे त्याला मी कानात सांगितलं, तेव्हा त्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस दुखत होता.

मुख्याध्यापिका शांत बाई. वर्गात नेमकं काय झालं ते सांगा, म्हणाल्या. सनानं सांगितलं. उत्क्रांतीचा धडा पुस्तकातलाच आहे; तिनं फक्त मुलांना दाखवायला बरणीतून दोन जिवंत निवट्या नेल्या होत्या. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला मासा. ओहोटी लागली की पाण्याबाहेर येतो, पुढच्या परांवर रेटत चिखलात चालतो, ओल्या कातडीतून हवा घेतो. हा मासा चालतो म्हणून हाच आपला पूर्वज असं नाही, हेही मुलांना सांगितलं. पण पाण्यातला जीव जमिनीवर कसा टिकला असेल, याचा अंदाज येतो.

निवट्या म्हटल्यावर मी कासिमभाईंकडे पाहिलं. मागच्या महिन्यातला शेवटचा रविवार. आम्ही दोघं दिवाळे गावच्या बाजारात मासे घ्यायला गेलो होतो आणि कासिमभाई गंगूबाई कोळणीकडे दोन जिवंत निवट्या मागत होते. सुनेला शाळेत दाखवायला पाहिजेत म्हणून. गंगूबाई हसून म्हणाली होती, “जित्या कशाला पायजेत, भाय? शालेत काय कालवन करनार हाय का?” येताना रिक्षात एक निवटी बरणीतल्या दगडावर चढून बसली आणि बेलापूर मागं पडेपर्यंत खाली उतरली नाही. कासिमभाई कौतुकानं म्हणाले होते, बघ प्रसाद, हिला पाण्यात कंटाळा येतो. म्हसळ्याला लहानपणी ते हात घालून बिळांतून काढायचे. यांनी साठ वर्षं हा चालणारा मासा बघितला आणि खाल्ला, आणि कुंदननं सांगितलं तेव्हा मासा चालतो याचा धक्का बसला.

“ते मासे शाळेत आले कसे?” एका पालकानं विचारलं.

“मी आणून दिले,” कासिमभाई म्हणाले. खोलीत कोणी हसलं नाही.

मग हेतलला वर्गातून बोलावलं. ती बिचारी रडकुंडीला आलेली. टीचर काय म्हणाल्या? ती म्हणाली, मी विचारलं देवानं काय केलं, तर टीचर म्हणाल्या ते घरी मोठ्यांना विचार, माझ्या तासाला फक्त कसं होत गेलं तेवढं. मग तू घरी काय सांगितलंस? टीचर म्हणाल्या देवाचं मला विचारू नका, असं सांगितलं, म्हणाली. कुंदननं त्याचं केलं, देवबिव कोणी नाही. कासिमभाईंनी त्याचं केलं, सृष्टिकर्त्याचे अस्तित्व नाकारले. दर मुक्कामाला वाक्याला एकेक पाय फुटत गेला होता, आणि वाशी ते खांदेश्वर या प्रवासात ते ओळखू येऊ नये इतकं पुढं गेलं होतं.

पण कुंदन व्यापारी माणूस, माल सहज परत घेत नाही. मुलगी आता घाबरून बोलतेय, म्हणाला. अर्जात साफ लिहिलंय, समक्ष खात्री केलीय. चाचांनी केली असल्याशिवाय लिहिणार नाहीत. ते कसे आहेत हे सगळी नवी मुंबई जाणते.

“खात्री कोणी केली?” मुख्याध्यापिकांनी विचारलं. त्यांच्यापुढं दोन कागद होते. एक हा अर्ज. दुसऱ्यावर सनाचं नाव आणि कायम करण्याची शिफारस, सहीची जागा कोरी.

इथं कासिमभाईंना सुटायला जागा होती. कोणा पालकानं केली असेल, म्हणता आलं असतं. तेवीस सह्यांत एक माणूस लपवणं काय अवघड. कचेरीत आम्ही याहून मोठ्या गोष्टी लपताना पाहिल्यात. मी त्यांच्या कुर्त्याची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली आणि उभे राहिले.

“कोणीही नाही. ते वाक्य माझं आहे आणि खोटं आहे.”

कुंदन उसळला. “चाचा, सून निघाली म्हणून पलटी?”

कासिमभाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मुख्याध्यापिकांकडे बघून हळूहळू बोलले. आपल्याला अल्लानं बनवलं, हे मी आजही मानतो, उद्याही मानेन. निवटी पण त्यानंच बनवली. या मुलीचं आणि माझं यावर कधी पटेल असं वाटत नाही. पण ती जे बोललीच नाही ते मी तिच्या तोंडी घातलं, आणि खाली लिहिलं की मी बघून आलो. चाळीस वर्षं लोक माझ्या वाक्यावर सह्या करतात. या तेवीस जणांनीही त्याच भरवशावर केल्या असतील. त्यांना मी घरोघर जाऊन सांगेन.

बाईंनी लाल पेनानं ते वाक्य खोडलं, समासात आडवी सही मागितली. कासिमभाईंनी केली. आयुष्यात त्यांच्या मसुद्यावर मारलेली पहिली काट. मग बाई म्हणाल्या, हे गेल्यावर प्रकरणात उरतात फक्त दोन मासे. आणि अर्ज दप्तरी लावायला बाजूला ठेवला. दुसऱ्या कागदावर सही झाली तेव्हा कुंदन हेतलला घेऊन बाहेर पडलेला होता. जाताना त्यानं कासिमभाईंना रामराम केला नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सना उभी होती. पुस्तक छातीशी. मला वाटलं आता रडेल, किंवा सासऱ्याच्या पाया पडेल. अशा प्रसंगी घरोघर जे होतं ते होईल. मी चार पावलं मागं सरकलो, पण ऐकू येईल इतकीच.

“अब्बा, एक विचारू?”

त्यांनी मान हलवली.

“आत माझ्याऐवजी दुसरी कोणी टीचर आली असती, तर हे सांगायला उठला असता?”

तिच्या आवाजात राग नव्हता. गणिताच्या तासाला मुलाला विचारावं तसं तिनं विचारलं होतं. आत कुंदननं हाच प्रश्न शिवीसारखा फेकला होता तेव्हा त्यांना उत्तराची गरज पडली नव्हती. कासिमभाई भिंतीला टेकले. तीस वर्षं मी त्यांच्या खोलीत बसलो. त्यांच्याकडे कोणत्याही पत्राला उत्तर तयार असायचं.

“नाही,” ते म्हणाले.

घंटा झाली आणि सना दहावी ब मध्ये गेली. आतली मुलं बाकं सरकवत उभी राहिली, बसली. तिचा आवाज बाहेर येत होता, शब्द कळत नव्हते. कासिमभाई तिथंच उभे राहिले, शिपाई येऊन पालकांनी इथं थांबायचं नाही असं सांगेपर्यंत.